घाऊक शंकेचा किरकोळ धंदा

वाद रंगात आलेला असतो. एका बाजूनं आकडे आलेले असतात, कागद आलेले असतात, आणि दुसऱ्या बाजूची दमछाक व्हायला लागलेली असते. नेमक्या त्या वेळी कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "हे बघा, शेवटी खरं काय ते कुणाला कळलंय? तुमचं सत्य तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी." आजूबाजूचे माना डोलावतात. वाक्यात विरक्ती असते, नम्रतेचा आव असतो, आणि हरत आलेला माणूस बरोबरी साधून निघून जातो.

हे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून खोटं ठरवता येत नाही. त्या वादात मात्र ते शुद्ध लबाडीचं असतं. या दोन्ही गोष्टी मला एकदमच म्हणायच्या आहेत.

आधी तत्त्वज्ञानाचं जे देणं आहे ते देऊन टाकू. वास्तव आपल्याला कळू शकतं का, हा प्रश्न रिकामटेकड्यांचा नाही. रने देकार्तनं १६४१ साली विचारलं की एखादी कपटी, महाबलाढ्य शक्ती मला सतत फसवत असेल आणि हे आकाश, ही जमीन, माझे हातपाय हा सगळाच तिचा देखावा असेल, तर मला ते कसं कळणार? पुढे त्या राक्षसाच्या जागी द्रावात तरंगणारा, तारा जोडलेला मेंदू आला. २००३ मध्ये निक बॉस्ट्रॉमनं आपण संगणकात चालवलेल्या एखाद्या आभासी जगात असण्याची शक्यता मांडली. राक्षस बदलत गेले, पेच तोच राहिला. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला तर राक्षसाचीही गरज पडली नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास त्यानं सरळ विचारलं: वस्तू प्रमाणांनी, म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान अशा ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशानं सिद्ध झाली? दुसऱ्या प्रमाणांनी, असं म्हटलं तर त्या दुसऱ्यांना तिसरी लागतात आणि ही रांग संपत नाही. प्रमाणं आपली आपण सिद्ध आहेत म्हटलं, तर वस्तूंनीच काय घोडं मारलंय? आणि वस्तूंवरून प्रमाणं सिद्ध होतात म्हणाल, तर तुम्ही गोल गोल फिरताय.

याला कुणी बिनतोड उत्तर दिलंय असं मला वाटत नाही. जी. ई. मूर १९३९ साली ब्रिटिश अकॅडमीतल्या व्याख्यानात उभा राहिला, एक हात दाखवला, मग दुसरा दाखवला, आणि म्हणाला, झालं, बाह्य जग सिद्ध. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण मूर दिसतो तितका भोळा नव्हता. हा माझा हात आहे याची मला जेवढी खात्री आहे, तेवढी खात्री शंकेखोराच्या युक्तिवादातल्या कुठल्याही पायरीची नाही, मग मी कमी खात्रीच्या गोष्टीसाठी जास्त खात्रीची गोष्ट का सोडू, असा त्याचा सवाल होता. हे खंडन नव्हे. व्यवहार म्हणून मात्र चोख आहे.

तर घाऊक शंका अजिंक्य आहे, हे मान्य. आता तिची दुसरी बाजू पाहा. जी शंका सगळ्यावर सारखीच लागू पडते, ती कुठल्याही एका गोष्टीविरुद्ध वापरता येत नाही. कपटी राक्षस मला फसवत असेल, तर लस सुरक्षित आहे हेही मला ठाऊक नाही आणि ती घातक आहे हेही ठाऊक नाही. पृथ्वी तापतेय हे ठाऊक नाही आणि तापत नाहीये हेही ठाऊक नाही. समोरचा खोटं बोलतोय हे ठाऊक नाही आणि मुळात समोर कुणी आहे की नाही, हेसुद्धा ठाऊक नाही. पारडी जशी होती तशीच राहतात. एकाच पारड्यातून वजन काढायचं असेल, तर त्याच पारड्याबद्दल काहीतरी बोलावं लागतं: ही मोजणी चुकली, हा साक्षीदार विकला गेलाय, हा नमुना फार लहान आहे. ती किरकोळ शंका. ती घ्यायला कष्ट पडतात, माहिती लागते, आणि ती खोटी ठरण्याचा धोका असतो. वादात हरणारा माणूस करतो काय, तर माल घाऊक बाजारातून फुकट उचलतो आणि किरकोळीत विकतो. सगळंच अनिश्चित आहे, म्हणून तुमचं हे एक विधान अनिश्चित. आणि माझं? त्याचा विषयच निघत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हा धंदा गल्लीतल्या वादापुरता राहिलेला नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावरचा निबंध १९५० साली आला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, धूम्रपानाच्या धोक्यांवरचा अहवाल आला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्राउन अँड विल्यमसन या तंबाखू कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात लिहिलेलं सापडतं की शंका हेच आमचं उत्पादन आहे, कारण लोकांच्या मनात जो तथ्यांचा साठा आहे त्याच्याशी टक्कर द्यायचं तेच सर्वोत्तम साधन आहे. सिगारेट निर्धोक आहे हे सिद्ध करायची त्यांना गरजच नव्हती. "अजून नक्की काही सांगता येत नाही" एवढंच लोकांच्या तोंडी बसलं, की काम झालं. हे लिहिणाऱ्याला देकार्त वाचायची गरज पडली नसावी, पण देकार्तच्या राक्षसाला पगारी नोकरीवर ठेवायची युक्ती मात्र त्याला बरोबर साधली होती.

आता इंद्रियांबद्दल. "डोळ्यांनी दिसतं ते खरं नसतं" हा या सगळ्या बोलण्यातला हुकमी पुरावा. करून पाहण्यासारखं एक आहे. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा, तिच्या उजवीकडे आठेक सेंटिमीटरवर एक ठळक टिंब द्या. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं फुलीकडे टक लावा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. तीस सेंटिमीटरच्या आसपास टिंब नाहीसं होतं. तिथे काळा डाग दिसत नाही, भोकही दिसत नाही; दिसतो फक्त कोरा कागद. रेघांच्या वहीवर हेच केलं तर टिंबाच्या जागी रेघसुद्धा सलग दिसते, म्हणजे जे आलंच नाही ते मेंदूनं स्वतःच्या पदरचं घालून भरून काढलेलं असतं. मज्जातंतूंचा जुडगा डोळ्यातून जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एदम मारियोतनं हा अंधबिंदू १६६० च्या दशकात दाखवून दिला. त्याआधीची हजारो वर्षं सगळी माणसं दोन्ही डोळ्यांत एकेक भोक घेऊन वावरली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

शंकेखोर यावर टाळी देईल: बघा, मी काय म्हणत होतो! पण थांबा. अंधबिंदू आहे हे आपल्याला कळलं कशानं? डोळ्यांनीच. कागद, फुली, टिंब, पट्टी, शवविच्छेदनात उघडलेला डोळा, हे सगळं बघूनच. इंद्रियांच्या फसवणुकीचा एकेक पुरावा इंद्रियांनीच गोळा केलेला आहे. दोरीला साप समजलो, हे दोरी दिसल्यावरच कळतं. ज्याला कधीच दोरी दिसली नाही त्याला आपण फसलो हे म्हणायचाही अधिकार नाही. भ्रमाच्या उदाहरणांवरून "काहीच कळत नाही" इथवर उडी मारणारा माणूस ज्या फांदीवर उभा आहे तीच तोडत असतो. तो म्हणू शकतो ते एवढंच, की आपण अधूनमधून चुकतो आणि कधीकधी ती चूक पकडतो. ते तर सगळ्यांनाच मान्य आहे.

इथे शंकराचार्यांची आठवण काढायलाच हवी, कारण "जग मिथ्या आहे" म्हणून काखा वर करणारे त्यांचंच नाव पुढे करतात. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात आचार्यांनी बाह्य वस्तू नाकारणाऱ्या विज्ञानवादी (इथे विज्ञान म्हणजे जाणीव) बौद्धांना धारेवर धरलंय. बाहेर काही नाही असं म्हणता येत नाही, कारण ते अनुभवाला येतं. जेवून तृप्त होत असलेल्या माणसानं "मी जेवत नाही, तृप्तही होत नाही" म्हणावं, तसं तुमचं बोलणं आहे, असं ते सुनावतात. पुढच्याच सूत्रावर ते म्हणतात की जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही, कारण स्वप्नाचा जाग आल्यावर बाध होतो, म्हणजे ते खोटं ठरतं. मिथ्यात्वाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता व्यवहाराच्या पातळीवर स्वप्नाचा दाखला फेटाळतो, हे आपल्या वादांमध्ये कुणी सांगत नाही. पारमार्थिक पातळीवरचं मिथ्यात्व व्यावहारिक पातळीवरच्या हिशेबाला लावायची मुभा आचार्यांनी कुणालाच दिलेली नाही.

शंकेला हद्द कुठे असते, यावर भारतीय तत्त्वज्ञानात एक झकास जुगलबंदी झालेली आहे. दहाव्या-अकराव्या शतकातला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, उदयन. त्याच्यासमोर आक्षेप असा: धूर दिसला की अग्नी असतो हे कशावरून? दूर देशी, पुढच्या काळी, अग्नीवाचून धूर असेलही. उदयन म्हणतो, दूर देश आणि पुढचा काळ तुम्हाला कळला कुठून? अनुमानानंच ना! म्हणजे शंका घ्यायची तर अनुमान मानावं लागतं, आणि शंकाच घेतली नाहीत तर प्रश्नच मिटला. शंका व्याघातापर्यंत, म्हणजे स्वतःशीच विसंगती येईपर्यंत. त्याच्यापुढे ती जात नाही.

बाराव्या शतकात श्रीहर्षानं (नैषधीयचरित लिहिणारा कवी तो हाच, आणि खोडीही कवीचीच) उदयनाचा तोच श्लोक उचलला, त्यातले मोजके शब्द फिरवले आणि त्याच्याच तोंडावर फेकला. व्याघात म्हणजे शंका आणि दुसरं काहीतरी यांच्यातला विरोध. मग व्याघात आहे म्हणालात की शंका आहे हे तुम्हीच मान्य केलंत. शंकेवर उभा असलेला व्याघात शंका कशी संपवणार?

तर्क म्हणून श्रीहर्ष इथे जिंकला, असं माझं मत आहे. पण चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशानं प्रश्नच बाजूला सरकवला. माणूस धूर हवा म्हणून विस्तव पेटवतो, भूक लागली म्हणून अन्नाकडे जातो, दुसऱ्याला समजावं म्हणून शब्द वापरतो. जी शंका घेतल्यानं स्वतःच्याच कृतीशी विरोध येत नाही, तीच शंका घेता येते. गंगेश शंका खोटी आहे असं म्हणत नाही. ती तुमच्यापाशी नाहीच, तुम्ही नुसतं तिचं नाव घेताय, असं म्हणतो. मला हे मूरच्या दोन हातांपेक्षा खोल वाटतं. "कुणालाच काही कळत नाही" म्हणणारा गृहस्थ बोलून झाल्यावर औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचतो, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो, आणि बँकेनं खात्यात चुकून कमी रक्कम दाखवली तर सत्य सापेक्ष असतं असं काही त्याला आठवत नाही. डेव्हिड ह्यूमनं निदान हे मोकळेपणानं लिहून ठेवलंय: अभ्यासिकेतल्या शंकांनी जीव घाबरा झाला की तो जेवायला, मित्रांबरोबर सोंगट्या खेळायला जायचा, आणि परत आल्यावर त्या शंका त्यालाच हास्यास्पद वाटायच्या.

बरं, कोणी म्हणेल, हात, विस्तव, रस्ता इथवर ठीक. पण जे दिसतच नाही त्याचं काय? इथे शंका खरोखर मानाची असू शकते, आणि त्याचं मला आवडणारं उदाहरण अणूंचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड हे बिनीचे वैज्ञानिक अणू मानायला तयार नव्हते. हिशेबाची सोय म्हणून अणू धरा, पण तो खरोखर आहे म्हणायला आधार काय, ही त्यांची शंका अडाणीपणाची नव्हती. मग १९०५ मध्ये आइन्स्टाइननं गणित मांडलं की पाण्यात तरंगणारे बारीक कण जे सतत थरथरतात (रॉबर्ट ब्राउननं १८२७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली हीच ती थरथर), ते अदृश्य रेणूंच्या धडकांमुळे असेल, तर किती वेळात कण सरासरी किती सरकेल हे सांगता येतं. पॅरिसमध्ये झाँ पेरँनं राळेचे एकसारखे गोळे तयार केले, सूक्ष्मदर्शकाखाली उंचीच्या वेगवेगळ्या थरांत ते किती आहेत ते चिकाटीनं मोजले, त्यांची भटकंती कागदावर टिपली. त्यातून ठरावीक वजनाच्या पदार्थात रेणू किती, तो आकडा निघाला. मग त्यानं तोच आकडा आकाशाच्या निळेपणावरून, वायूंच्या चिकटपणावरून, किरणोत्सारावरून, तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून काढलेल्या आकड्यांशेजारी ठेवला. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या डझनभर वाटा, आणि सगळ्या सहा-सातच्या पुढे तेवीस शून्यं याच्या आसपासच येऊन पोचतात. अणू नसतील तर हा योगायोग कुणी घडवला? ओस्टवाल्डनं १९०९ मध्ये जाहीरपणे मत बदललं. माखचं मन वळलं नाही असं म्हणतात.

अणू "स्वतःत" कसा आहे, हे यातून कळलं का? नाही. कांटनं १७८१ मध्ये घातलेली ती मर्यादा जागच्या जागी आहे: वस्तू आपल्याला दिसते ती आपल्या जाणिवेच्या साच्यातून, साच्याबाहेर ती काय आहे ते बोलता येत नाही. मी ते खुशाल सोडून देतो. राळेच्या गोळ्यांना जे ढकलत होतं ते काहीतरी आपल्या इच्छेनं बदलत नव्हतं, मोजणाऱ्याचा पंथ विचारत नव्हतं, आणि वेगवेगळ्या दिशांनी गेलं तरी एकच उत्तर देत होतं. वास्तव कळणं म्हणून मी तेवढ्यावर समाधानी आहे. "पण विज्ञान तर रोज बदलतं" हा आक्षेप याच्यापुढे फार काळ टिकत नाही. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण बुधाच्या कक्षेत शतकामागे ४३ विकलांनी कमी पडलं, म्हणून आइन्स्टाइनची गरज लागली; विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. एवढीशी चूक जिथे पकडली जाते, तिथे "काहीच नक्की नसतं" म्हणणं ही कृतघ्नता आहे.

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते. राळेचे गोळे तुम्हीही मोजलेले नाहीत आणि मीही नाहीत. आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला बहुतेक भाग दुसऱ्याच्या सांगण्यावरून आलेला असतो. आपली जन्मतारीखसुद्धा. देकार्तच्या राक्षसाची आज कुणाला भीती नाही. भीती आहे ती सांगणाऱ्याची. चित्र बनवता येतं, आवाज बनवता येतो, मेलेल्या माणसाला बोलतं करता येतं. त्यातून दुहेरी नुकसान होतं. खोटं खपतं हे एक. दुसरं अधिक वाईट: खराखुरा पुरावा समोर आला, की पकडला गेलेला म्हणतो, हेही बनावटच असेल. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायद्याच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये याला लबाडाचा लाभांश म्हटलं. पुन्हा तोच धंदा: काही चित्रफिती बनावट असतात, ही घाऊक गोष्ट, म्हणून ही बनावट, हा किरकोळ निष्कर्ष, आणि मधली पायरी गायब.

शब्दावर विश्वास केव्हा ठेवायचा याचं वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं उत्तर मला अजून जुनं झालेलं वाटत नाही. आप्त, म्हणजे भरवशाचा सांगणारा, तो, ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे आणि जी जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे पद, जन्म, पंथ, अनुयायांची संख्या यातलं काहीच मोजायचं नाही. दोनच चौकश्या करायच्या: याला कळायची सोय होती का, आणि याला खोटं बोलण्यात फायदा आहे का. तंबाखू कंपनी दुसऱ्या चौकशीत पहिल्या झटक्याला बाद होते. एखादा नामांकित शल्यविशारद हवामानावर बोलायला लागला की पहिल्या चौकशीत बाद होतो, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. शंकेला अशी शिस्त लावली, तर फायदा प्रस्थापितांचा होणार नाही का? प्रयोगशाळा त्यांच्या, आकडे त्यांचे, तज्ज्ञ त्यांचे. सामान्य माणसाजवळ "मला पटत नाही" याशिवाय असतं काय? आक्षेपात तथ्य आहे. तज्ज्ञ एकजुटीनं चुकल्याची, विकले गेल्याचीही उदाहरणं आहेत. पण अशा प्रत्येक वेळी चूक उघडकीला आणली ती किरकोळ शंकेनंच. सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात नव्यानं लागलेल्या फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या मंजुरीचा अर्ज आला. औषध युरोपात धडाक्यानं विकलं जात होतं, कंपनी मंजुरीसाठी मागे लागली होती. केल्सीबाई औषधशास्त्रात काहीच नक्की नसतं वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं की हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम झाल्याचं पत्र ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलंय, त्याचं काय? आणि नसांना इजा होत असेल तर गर्भाचं काय होतं, याची माहिती कुठे आहे? कुठला कागद आणला तर शंका फिटेल, हे त्यांच्या प्रत्येक पत्रात स्पष्ट असायचं. तंबाखूवाल्यांना हाच प्रश्न विचारला असता, काय दाखवलं म्हणजे तुमची खात्री पटेल, तर उत्तर आलं नसतं. थॅलिडोमाइडच्या कंपनीकडे केल्सीबाईंनी मागितलेला कागद नव्हता. नोव्हेंबर १९६१ मध्ये औषध जर्मनीत मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली होती. मार्च १९६२ मध्ये कंपनीनं अमेरिकेतला अर्जही परत घेतला.